अष्टमीचं पाणी

आमच्या घरात दिवाणाखाली सध्या एक समुद्र ठेवलेला आहे. चार फूट बाय तीन फूट, प्लायवूडवर. दिवाळीत जे नातेवाईक येऊन गेले त्यांनी तो पाहिला आहे, आणि "हा कसला रे किल्ला, याला डोंगर कुठे आहे?" असं प्रत्येकाने विचारूनही झालं आहे. तेव्हा त्यांच्यासाठी आणि इथे नेहमी डोकावणाऱ्या ब्लॉगमित्रांसाठी हा खुलासा. थोडा लांबेल, चहा घेऊन बसा.

त्याचं असं झालं. माझा भाचा दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत डोंबिवलीहून आमच्याकडे भाईंदरला येतो. सोसायटीच्या आवारात किल्ला करायचा हा आमचा दहा वर्षांचा नेम. विटा, गोणपाट, वर लिंपलेली माती, त्यात पेरलेले हळीव, पायऱ्यांवर मातीचे मावळे आणि माथ्यावर महाराज. २०२५ च्या दिवाळीआधी मात्र आवारात पेव्हर ब्लॉक बसले आणि "माती नको, गटार तुंबतं" असा ठराव झाला. ठराव करणाऱ्यांत मीही होतो, हे भाच्याला अजून सांगितलेलं नाही :)

त्याच वर्षी जुलैमध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले होते. भाच्याला बाराही तोंडपाठ. रायगड, राजगड, साल्हेर वगैरे आम्ही करून झालेले. खांदेरीपाशी तो थांबला. त्यातच त्याने इंटरनेटवर आरमारी लढायांचे खेळ पाहिले होते, टेबलावर बोटभर जहाजं मांडून, फासे टाकून खेळतात ते. म्हणाला, "मामा, यंदा किल्ला नको. समुद्र करू. घरात करता येईल."

मला वाटलं, सोपं आहे. डोंगर करायला चार दिवस लागतात. समुद्र म्हणजे काय, निळा रंग फासला की झालं!

माझं पहिलं मत होतं वसईचं. आम्ही भाईंदर पूर्वेला राहतो. जेसल पार्कच्या चौपाटीवर उभं राहिलं की समोर खाडी, डावीकडे रेल्वेचे पूल, मध्ये पाणजू बेट. ही खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे पलीकडे वसईचा किल्ला आणि अलीकडे, आमच्याच महापालिकेच्या हद्दीत, चौक गावाजवळ धारावीचा किल्ला. (मुंबईतली ती प्रसिद्ध धारावी वेगळी.) चिमाजी अप्पांची १७३७ ते १७३९ ची मोहीम म्हणजे अक्षरशः घरचा विषय. पण टेबलावर ते जमेना. वसई शेवटी पडली ती जमिनीच्या बाजूने, तटाखाली सुरुंग उडवून, १७३९ च्या मे महिन्यात. पाण्याच्या बाजूला काम होतं ते कोंडी करण्याचं, आणि कोंडी म्हणजे महिनोन् महिने होड्या एका जागी उभ्या. तेरा वर्षांच्या मुलाला दहा मिनिटांत जांभया आल्या. मग ठरली खांदेरी, सन १६७९.

ही लढाई शाळेच्या पुस्तकात एखाद्या ओळीत येऊन जाते, म्हणून थोडी सांगतो. मुंबई बंदराच्या तोंडाशी, थळच्या किनाऱ्यापासून साधारण पाच किलोमीटर आत खांदेरी हे छोटं बेट. दोन टेकाडं आणि मध्ये खिंड. तिच्या शेजारी, किनाऱ्याला अधिक जवळ, उंदेरी. मुंबईत इंग्रज बसलेले, खाली जंजिऱ्याला सिद्दी. या दोघांच्या मधोमध पाचर मारायची म्हणून शिवाजी महाराजांनी १६७९ च्या पावसाळ्याच्या शेवटी मायनाक भंडारी यांना दीडशेएक माणसं आणि थोड्या तोफा देऊन खांदेरीवर पाठवलं, आणि तटबंदीचं काम सुरू झालं. इंग्रजांच्या पोटात गोळा आला. मुंबईत येणारं प्रत्येक जहाज या बेटावरून दिसणार! सप्टेंबरमध्ये त्यांनी बेटावर उतरायचा प्रयत्न केला, तो फसला. त्यात थॉर्प नावाचा त्यांचा अधिकारी मारला गेला. मग त्यांनी बेटाभोवती जहाजं उभी केली. एक मोठं फ्रिगेट, नाव 'रिव्हेंज', आणि सोबत लहान-मोठी सात गलबतं-गुराबा-मचवे. हे सोबतचे सगळे आपल्याच किनाऱ्यावरच्या बांधणीचे.

१८ ऑक्टोबरला पहाटे दौलतखानाचं आरमार या आठ जहाजांवर चालून आलं. आकडा वेगवेगळ्या नोंदींत चाळीसपासून साठपर्यंत दिसतो. ते इतक्या वेगाने आले की इंग्रजांना नांगर उचलायला धड वेळ मिळाला नाही. अर्ध्या तासाच्या आत त्यांची 'डव्ह' नावाची गुराब मराठ्यांच्या हाती पडली. दुसरी गुराब लांबच राहिली, लहान जहाजं पळाली. उरलं एकटं 'रिव्हेंज', त्यावर मिंचिन आणि केग्विन हे दोन कप्तान. आणि इथे गोष्ट उलटते. त्या एकट्या जहाजाने तोफांच्या जोरावर पाच गलबतं बुडवली आणि बाकीचं आरमार नागोठण्याच्या खाडीकडे मागे फिरलं. 'रिव्हेंज' खाडीच्या तोंडापर्यंत पाठलाग करत गेलं. दोन दिवसांनी आरमार पुन्हा बाहेर आलं, इंग्रज पुढे सरसावले, आरमार पुन्हा आत.

भाच्याला हे अजिबात पटलं नाही. "साठ जण एकाला घाबरले?"

प्रश्न रास्त होता. जदुनाथ सरकारांसारख्या मोठ्या इतिहासकारालाही तो पडला होता आणि त्यांनी मराठ्यांच्या आरमाराला फार कमी गुण दिले. पण त्याच नोंदी पुढे वाचत गेलं की दिसतं, रात्रीच्या अंधारात मराठ्यांच्या होड्या बेटावर रसद पोचवत राहिल्या आणि इंग्रजांना ते शेवटपर्यंत थांबवता आलं नाही. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी तडजोड करून काढता पाय घेतला. सिद्दीने तोवर उंदेरी बळकावली होती, ती डोकेदुखी पुढे बरीच वर्षं चालली. पण खांदेरी राहिली ती राहिलीच. मग अठरा तारखेला कोण जिंकलं? हे टेबलावर खेळूनच बघू, असं ठरलं.

आता टेबल. असल्या खेळांचा इतिहास मी त्या निमित्ताने चाळला आणि एक गंमत सापडली. प्रशियाच्या रायस्वित्झ नावाच्या माणसाने १८१२ मध्ये आपल्या राजाला युद्धाचा एक खेळ भेट दिला होता. त्यात टेबलावर मांडायच्या फरश्या होत्या, प्रत्येकीवर टेकड्या, नद्या, रस्ते उठावात करून रंगवलेले. म्हणजे राजवाड्यातला दिवाळीचा किल्लाच की! पण तो खेळ जमिनीवरच्या सैन्याचा. आरमारी खेळ बघावे तर तिथे भूगोलच गायब. स्कॉटलंडच्या जॉन क्लार्कने अठराव्या शतकात टेबलावर छोटी जहाजं सरकवत आरमारी डावपेचांवर पुस्तक लिहिलं, स्वतः कधी आरमारात नसताना. त्याचं टेबल म्हणजे नुसतं टेबल. फ्रेड जेनने १८९८ मध्ये त्याचा खेळ काढला, त्यात जहाजं बारकाईने केलेली, पाणी मात्र सपाट. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, लिव्हरपूलमध्ये कॅप्टन रॉबर्ट्स आणि नौदलातल्या तरुण मुली जमिनीवर खडूने रेघा ओढून जर्मन पाणबुड्यांचे डाव उलगडत. अधिकाऱ्यांना पडद्याच्या भोकातून बघायला लावत, कारण जहाजावरून खरोखर जेवढं दिसेल तेवढंच दिसायला हवं. त्यावर चर्चिलचं अटलांटिक टिकलं असं म्हणतात ते फार अतिशयोक्त नसावं. पण तिथेही समुद्र म्हणजे कोरी फरशी.

त्यांचं बरोबरच आहे म्हणा. अटलांटिकच्या मधोमध काय रंगवणार? खाली हजारो मीटर पाणी. पण आमची लढाई चालली थळ ते नागोठण्याच्या खाडीपर्यंत, आणि तिथे प्रश्न एकच होता : खाली पाणी किती? 'रिव्हेंज'ला खोल पाणी लागायचं. गलबत उथळ, वल्ह्यांचं, गुडघाभर जास्त पाणी असलं तरी सुटायचं. साठ जण एकाला घाबरून पळाले की एकाला येता येणार नाही अशा ठिकाणी गेले, हे ठरवायला डोंगर नाही, चिखल रंगवायला हवा होता.

प्रमाण धरलं एक किलोमीटरला पाच सेंटीमीटर. त्या हिशोबाने थळ ते खांदेरी अंतर वीतभर आलं आणि खुद्द खांदेरी शंकरपाळ्याएवढी. तिच्यावर तोफ तरी कुठे मांडणार? म्हणून बेटं आम्ही सरळ फुगवली आणि जहाजं तर त्याहून. या छंदातले सगळेच असं करतात म्हणे, त्यामुळे लाज वाटली नाही. विकत मिळणाऱ्या जहाजांमध्ये ब्रिटिश, फ्रेंच, स्पॅनिश सगळे दिसले. गुराब मला कुठे दिसली नाही. मग आइस्क्रीमच्या काड्या, उदबत्तीच्या काड्या आणि पोस्टाच्या जुन्या पाकिटांची शिडं. वल्ही झाडूच्या हिरांची. आई म्हणाली, माझा झाडू घेऊन कुठली लढाई जिंकताय?

पाण्याचं काम असं केलं. प्लायवर फेविकॉलच्या पाण्यात भिजवलेला टिश्यू पेपर पसरायचा आणि बोटाने बारीक चुण्या पाडायच्या. सुकल्यावर त्या लाटा होतात. खाडी आणि किनाऱ्याच्या बाजूला पीओपीचा पातळ हात, म्हणजे चिखल जरा वर येतो. मग रंग. भाच्याने आणलेली प्रशियन ब्लूची अख्खी ट्यूब मी बाजूला ठेवली (खेळही प्रशियाचा आणि निळाही प्रशियाचा!) आणि त्याला संध्याकाळी जेसल पार्कला नेलं. म्हटलं, दाखव निळं कुठे आहे.

आपल्या खाडीत निळं नाहीच. पावसाळा संपता संपता पाणी चहासारखं असतं, दूध जास्त झालेल्या. लांबवर हिरवट करडं. ओहोटी लागली की काठाचा चिखल उघडा पडतो. तो नुकता उघडा पडलेला असतो तेव्हा काळपट आणि चकचकीत, शिशाच्या पत्र्यासारखा. तासाभराने वरून सुकतो तशी त्यावर फिकट राखाडी साय धरते. त्यात निवट्या उड्या मारत असतात. मागे तिवरं, ज्यांची पानं वरून गडद आणि खालून फिकट. पस्तीस वर्षं लोकलमधून हा पूल ओलांडला, पण दाराशी उभा राहून मी बघत होतो ते नायगाव आलं की नाही एवढंच. रंग कालवायला घेतल्यावर कळलं की मला आपल्या खाडीचा रंग ठाऊक नव्हता. तीनदा चुकला. शेवटी काळा, थोडा बर्न्ट अंबर आणि नखभर निळा असं जमलं, वरून ओल्या भागावर वॉर्निश, सुक्या भागावर कोरड्या ब्रशने राखाडी. तिवरांना भांड्यांच्या हिरव्या घासणीचे तुकडे.

पाण्याचे चार रंग ठरले आणि तेच खेळाचे नियम. गडद हिरव्यावर कोणीही जावं. त्यापुढच्या फिकट हिरव्यावर गुराब आणि गलबत. चहाच्या रंगावर फक्त गलबत. चिखलावर कोणीच नाही. नागोठण्याच्या खाडीचं तोंड आम्ही मस्त चिखलाने भरून टाकलं, मध्ये चहाच्या रंगाची एक चिंचोळी वाट. मराठ्यांना पळायला, चुकलो, माघारी जायला. आजचा नकाशा जसाच्या तसा १६७९ ला लावता येत नाही हे मला कळतं. गाळ सरकतो, खाड्या भरतात. पण कुठून तरी सुरुवात हवी. भाचा खूष. त्याने एकदा खेळून पाहिलं आणि 'रिव्हेंज' चिखलाच्या कडेला अगतिक उभं राहिलं.

त्या दिवशी सकाळी आमची नेहमीची मासेवाली मावशी आली. तिचं माहेर उत्तनचं. आई बोंबील घेत होती आणि दार उघडं. मावशीने वाकून टेबल पाहिलं, चिखलावर बोट फिरवलं. रंग तिला आवडला. मग विचारलं, "तिथी कंची?"

आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो.

ती म्हणाली, एवढा चिखल उघडा म्हणजे पुनवेची नाहीतर अवसेची सुकती. उधाणाचं पाणी. बाकी दिवशी एवढं कुठे ओढतं?

तिथी आम्ही पाहिलीच नव्हती. १८ ऑक्टोबर ही तारीख इंग्रजांची, आणि त्या काळी इंग्रज जुनी दिनदर्शिका वापरत, जी आजच्यापेक्षा दहा दिवस मागे होती. म्हणजे आपल्या हिशोबाने २८ ऑक्टोबर १६७९. तिथून चंद्राचा हिशोब भाच्याने केला. अमावस्या ते अमावस्या सरासरी २९.५३ दिवस, अलीकडची एक माहीत असलेली अमावस्या घ्यायची आणि मागे मागे भागत जायचं. त्याचं उत्तर आलं की पुढची अमावस्या नोव्हेंबरच्या तीन-चार तारखेला. मी पुन्हा करून पाहिलं, तेच आलं. सरासरीने काढल्यामुळे एखाद्या दिवसाचा फरक पडेल, पण म्हणजे लढाईच्या दिवशी वद्य अष्टमी-नवमी. आणि महिना आश्विन!

आपल्या दिवाळीच्या आधीचे पाच-सहा दिवस. ज्या दिवसांत पोरं किल्ल्याची माती कालवतात, त्याच दिवसांत ती गलबतं निघाली होती. खांदेरीवर मायनाकची माणसं त्या वर्षी लक्ष्मीपूजनाला वेढ्यात होती. हे कुठल्या पुस्तकात मी वाचलं नव्हतं, आणि एका बाईने सहज विचारलं म्हणून हाती लागलं.

पण अष्टमी म्हणजे भांग. उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी चार-साडेचार मीटर वर-खाली होतं. भांगाला त्याच्या निम्मं किंवा त्याहून कमी. भरती फार चढत नाही, ओहोटी फार उतरत नाही. आम्ही प्रेमाने रंगवलेला चिखल त्या दिवशी बराचसा पाण्याखालीच होता.

"मग 'रिव्हेंज' अजून आत येईल?" भाच्याने विचारलं.

"थोडं येईल."

"मग नको ना बदलायला. कोणाला कळणार आहे?"

मला खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं मोहक वाटलं. दोन दिवसांची मेहनत, वॉर्निश सुकलेलं, पाहुणे दुसऱ्या दिवशी येणार. शिवाय बदल आपल्या बाजूच्या विरुद्ध. आपल्याकडे महाराजांविषयी एखादा तपशील कमी-जास्त झाला तर किती आवाज होतो ते आपण बघतोच, पण सोयीचा तपशील चुकीचा असेल तर सगळे शांत. मी त्याला एवढंच म्हटलं की मावशीला कळेल. ती परवा पुन्हा येणार आहे.

रात्री जेवणं झाल्यावर त्याने स्वतःच ब्रश घेतला. चिखलाच्या बाहेरच्या निम्म्या पट्ट्यावर चहाचा रंग, चहाच्या रंगावर हिरवा. चेहरा पडलेला होता, पण हात नीट चालत होता. मी चिंचोळी वाट रुंद केली.

नरकचतुर्दशीच्या दुपारी खेळलो. मी इंग्रज, कारण कोणीतरी व्हायला हवं. ऑक्टोबर अखेरीला पहाटे मतलई वारा सुटतो, जमिनीकडून समुद्राकडे. तो पहिल्या काही खेळ्यांसाठी दौलतखानाला दिला. फासे त्याच्या बाजूने पडले आणि 'डव्ह' लगेच गेली. मग वारा फिरला, माझ्या तोफा लागू लागल्या, त्याची चार गलबतं बुडाली. खऱ्या लढाईपेक्षा एक कमी. त्याने बाकीची खाडीकडे वळवली आणि मी पाठलाग केला. नव्या रंगामुळे माझं जहाज पूर्वीपेक्षा वीतभर आत शिरलं. आता ही गंमत बघा, आत शिरल्यावर मला वळायला जागा उरली नाही. दोन्ही बाजूंना फिकट पाणी आणि समोर वल्ही मारणारी, वाऱ्याची पर्वा नसलेली गलबतं. मी निमूट मागे फिरलो. त्याच वेळी त्याने टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, माझी पाठ असताना, दोन होड्या खांदेरीला लावल्या आणि त्यात तांदळाचे दोन-दोन दाणे ठेवलेले होते. रसद.

"आता सांग कोण जिंकलं," तो म्हणाला. मी म्हटलं, लाडू आण.

मावशीने भाऊबीजेनंतर येऊन पाहिलं. "आता हाय अष्टमीचं पाणी," एवढंच म्हणाली आणि सुरमईचा भाव सांगितला, जो उधाणाचा होता.

पट दिवाणाखाली आहे. उंदेरी अजून पांढरीच, रंगवायची राहिली आहे. तिच्यासाठी भाचा मे महिन्यात येणार आहे. सिद्दी कोण होणार यावरून आत्ताच फोनवर भांडण सुरू आहे. ज्यांना खेळायचं असेल त्यांनी आधी कळवून यावं आणि येताना जुना झाडू असेल तर घेऊन यावा.